चित्र जुनं, पण कागद कधीचा?
फ्लाय फिशिंगची जुनी पर्यटन-पोस्टरं घेणाऱ्यांसाठी

"न्यूझीलंडचं १९३५ सालचं ट्राउट फिशिंगचं पोस्टर अठराशे रुपयांत मिळतंय. घेऊन टाकू का?" असा प्रश्न मला वर्षातून पाच-सात वेळा तरी येतो. विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. कुणाचा मुलगा ऑकलंडला असतो आणि तो दुकानातून फोटो धाडत असतो. कुणी हिमाचलात तीर्थनच्या काठी गळ टाकून आलेले असतात आणि त्या आठवणीखातर अभ्यासिकेच्या भिंतीवर काहीतरी लावायचं असतं. कुणाला होमस्टे सजवायचा असतो. गोंधळ मात्र सगळ्यांचा एकच. चित्राचं वय आणि कागदाचं वय ते एकच धरून चालतात.

चित्र १९३५ चं असेलही. तुमच्या घरी येणारा कागद गेल्या मंगळवारी छापलेला असू शकतो. किंमत, कस्टम, परतीचा हक्क, फ्रेम कशी करायची, सगळं त्या कागदावर ठरतं.

आधी ठरवा: तुम्हाला नेमकं काय हवंय?

बाजारात तीन वस्तू 'व्हिंटेज पोस्टर' या एकाच नावाखाली विकल्या जातात.

- मूळ छपाई. रेल्वे कंपनीने, विमान कंपनीने किंवा पर्यटन खात्याने त्या काळी जाहिरातीसाठी छापून घेतलेली प्रत. ही स्टेशनावर किंवा तिकीट कचेरीत लागायची आणि मोसम सरला की फाडून टाकली जायची. म्हणूनच आज दुर्मीळ.
- पुनर्मुद्रण. जुन्या चित्राचा फोटो काढून नव्या कागदावर छापलेली प्रत. विकणाऱ्याने तसं स्पष्ट सांगितलं असेल तर यात काही गैर नाही.
- जुन्या धाटणीचं नवं चित्र. चित्र कालचं, रंगसंगती आणि अक्षरं तेवढी १९३० च्या वळणाची. याला 'व्हिंटेज स्टाइल' किंवा 'रेट्रो' म्हणतात आणि यातला पहिला शब्दच मोठ्या टायपात छापतात.

सोफ्यामागची भिंत रिकामी वाटते एवढीच अडचण असेल, तर चांगलं पुनर्मुद्रण घ्या आणि हा लेख कॉपीराइटच्या भागापासून वाचा. मूळ छपाईच्या मागे लागायचं ते त्या कागदाचीच ओढ असेल तर. नुसतं दिसण्यासाठी तेवढे पैसे घालू नयेत, असं माझं मत.

पार्श्वभूमी, खरेदीपुरती

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा पीठ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी लावतात. ती इतकी हलकी असते की फेकली तरी लांब जात नाही. म्हणून दोरी जड ठेवतात आणि ती दोरीच हवेत मागेपुढे झुलवून माशीला पाण्यावर नेऊन ठेवतात. हा खेळ मुख्यतः थंड, वाहत्या पाण्यातल्या ट्राउट आणि सामन या माशांसाठी. अशा नद्या शहरापासून लांब, डोंगरात. तिथवर नेणारी गाडी रेल्वेची आणि पुष्कळदा उतरायचं हॉटेलही तिचंच. त्यामुळे पोस्टरं काढण्यात तिचा सरळ फायदा होता.

घेणाऱ्याच्या दृष्टीने तीन घराणी लक्षात ठेवावीत.

पहिलं ब्रिटनचं. तिथल्या चित्रकारांत नॉर्मन विल्किन्सन हे नाव सगळ्यांत आधी. हा मुळात समुद्र आणि जहाजं रंगवणारा माणूस. पहिल्या महायुद्धात शत्रूला जहाजाच्या दिशेचा अंदाज येऊ नये म्हणून त्यावर वेडेवाकडे पट्टे रंगवण्याची कल्पना याचीच. पुढे १९२४ मध्ये लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी रॉयल अकॅडमीच्या चित्रकारांकडून पोस्टरं करवून घेण्यात त्याचा पुढाकार होता. स्वतः गळ टाकणारा असल्यामुळे त्याच्या चित्रातलं पाणी बघत राहावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी पाहुण्यांना बोलावण्यासाठी निघालेलं 'कम टू ब्रिटन फॉर फिशिंग' हे पोस्टर त्याचंच.

दुसरं घराणं न्यूझीलंडचं. तिथे ट्राउट मुळात नव्हतीच. ब्राउन ट्राउट १८६७ मध्ये टास्मानियामार्गे आणली, रेनबो ट्राउट १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून. १९०१ मध्ये या देशाने सरकारी पर्यटन खातं काढलं, जगातलं अशा तऱ्हेचं पहिलं. आणलेला मासा मग त्या खात्याने आणि रेल्वेच्या प्रसिद्धी शाखेने जगभर विकला. १९२६ मध्ये अमेरिकन कादंबरीकार झेन ग्रे तिथे गळ टाकायला गेला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा आयतीच जाहिरात झाली. चित्रकारांत मार्कस किंग हे नाव शोधा.

तिसरं कॅनडाचं, म्हणजे मुख्यतः कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं. तिची पीटर युअर्टसारख्या चित्रकारांची पोस्टरं सिल्कस्क्रीनवर छापलेली असतात. दाट, सपाट, जाड रंगाची. ही गोष्ट पुढे भिंगाच्या भागात कामाला येईल.

आणि आपलं काश्मीर? ट्राउटची अंडी तिथे १९०० साली स्कॉटलंडहून आली. त्याच्या आदल्या खेपेची वाटेतच मेली होती. भारताच्या सरकारी रेल्वेने १९२०-३० च्या दशकांत देखणी पोस्टरं काढली, हेही खरं. पण 'काश्मीर, ट्राउट फिशिंग, १९३०' असं लिहिलेलं चकचकीत पोस्टर समोर आलं तर आधी संशय घ्या. जुन्या धाटणीची नवी चित्रं करणाऱ्यांना काश्मीर फार आवडतं.

चित्रात फ्लाय फिशिंग आहे तरी का?

काठी आणि मासा दिसला की विक्रेते 'फ्लाय फिशिंग' लिहून मोकळे होतात. तुम्ही रीळ कुठे आहे ते बघा. फ्लायच्या काठीवर रीळ अगदी बुडाशी, पकडलेल्या हाताच्या खाली असतं. हाताच्या वर किंवा बरोबर हाताशी रीळ असेल, तर तो दुसरा प्रकार. दोरी हवेत मोठा वळसा घेत असेल, माणूस मांडीपर्यंत पाण्यात उभा असेल, टोपीला माशा टोचलेल्या असतील, तर चित्र बरोबर. बोटीत खुर्चीला बांधून घेतलेला माणूस आणि भलामोठा ट्यूना असेल, तर ती खोल समुद्रातली शिकार. तिचीही पोस्टरं आहेत, पण ती वेगळी जात.

भिंग, टॉर्च आणि मोजपट्टी

माझी स्वतःची फजिती सांगतो. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मी '१९३० च्या दशकातलं लिथोग्राफ' म्हणून स्कॉटिश नदीचं एक पोस्टर मागवलं. कागद पिवळसर, कडा किंचित कातरलेल्या, एका कोपऱ्यात चहासारखा डाग. जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग नदीवर ठेवलं. वरून एकसंध हिरवट दिसणारं पाणी भिंगाखाली निळ्या, पिवळ्या, गुलाबी ठिपक्यांची रांगोळी झालं. मग चहाच्या डागावर भिंग सरकवलं. डागसुद्धा ठिपक्यांचा होता! कुणीतरी जुन्या पोस्टरचा डागासकट फोटो काढून छापला होता.

भिंग पाचशे रुपयांच्या आत मिळतं. त्याखाली काय दिसतं, त्याचा अर्थ असा:

- खडबडीत, खडूने घासल्यासारखा पोत. एकेक रंग सलग. ठिपक्यांची जाळी नाही. दगडावर किंवा पत्र्यावर हाताने काढलेलं लिथोग्राफ. युद्धापूर्वीच्या ब्रिटिश रेल्वे पोस्टरांत हेच दिसायला हवं.
- जाड रंग, धारदार कडा, तिरप्या उजेडात रंगाचा थर वर आलेला. सिल्कस्क्रीन. कॅनेडियन पॅसिफिकच्या पोस्टरांत हे अपेक्षित.
- चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित नक्षी. ऑफसेट छपाई.
- धूळ उडवल्यासारखे बारीक, विस्कळीत ठिपके. इंकजेट, म्हणजे आजचं. विक्रेता याला 'जिक्ले' म्हणेल.

इथे एक चूक हटकून होते. ठिपके दिसले की खोटं, असा निकाल देऊ नका. १९५०-६० च्या दशकांत विमान कंपन्यांची बरीच मूळ पोस्टरं फोटोवरून ऑफसेटवरच छापली गेली. ठिपके खोटेपणा सिद्ध करतात ते विक्रेता 'युद्धापूर्वीचं लिथोग्राफ' म्हणत असेल तेव्हा.

दुसरं साधन नोटा तपासायची अतिनील टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं कागदात साधारण १९५० च्या सुमारास येऊ लागली. अंधाऱ्या खोलीत पोस्टरच्या कोऱ्या कडेवर टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा झगमगला आणि विक्रेता १९३५ म्हणत असेल, तर विषय संपला. मात्र पोस्टर मागून कापडावर चिकटवलेलं असेल तर मागची बाजू बघून फसू नका, ते कापड आणि अस्तराचा कागद नवाच असतो. चाचणी चित्राच्या बाजूने करा.

तिसरी मोजपट्टी. ब्रिटिश रेल्वेची ठरलेली मापं दोन: उभं २५ × ४० इंच, त्याला 'डबल रॉयल' म्हणतात, आणि आडवं ५० × ४० इंच, ते 'क्वाड रॉयल'. ब्रिटिश रेल्वेचं म्हणून दाखवलेलं पोस्टर ए-२ किंवा ५० × ७० सेंटिमीटर भरलं, तर ते आजच्या छापखान्याचं माप आहे. २४ × ३६ इंच हेही पुनर्मुद्रणाचं लाडकं माप. पण कॅनेडियन पॅसिफिकची मूळ पोस्टरंही साधारण याच मापाची असतात. म्हणजे माप एकटं कधीच पुरेसं नाही.

नावावरून काळ

पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: काढणारी संस्था, छापखाना, कधी क्रमांक. ती ओळ आधी वाचा. पुनर्मुद्रणात ती बऱ्याचदा कापलेली किंवा न वाचता येण्याइतकी धूसर असते. वाचता आली, तर पुढच्या तारखांशी ताडून बघा.

- 'एलएमएस', 'एलएनईआर', 'सदर्न' ही ब्रिटिश रेल्वे कंपन्यांची नावं: १९२३ ते १९४७. ग्रेट वेस्टर्न हे नाव त्याच्याही आधीचं, पण तेही १९४७ अखेर संपलं.
- 'ब्रिटिश रेल्वेज': १९४८ नंतर. नुसतं 'ब्रिटिश रेल': १९६५ नंतर.
- 'ट्रान्स-कॅनडा एअर लाइन्स': १९६४ अखेरपर्यंत, मग 'एअर कॅनडा'.
- 'टील', म्हणजे न्यूझीलंडला नेणारी टास्मन एम्पायर एअरवेज: १९४० ते १९६५, मग 'एअर न्यूझीलंड'.
- अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप कोड: १९६३ नंतर.

'१९३८ चं मूळ पोस्टर' आणि तळाशी 'ब्रिटिश रेल्वेज', असं सर्रास विकायला असतं. बहुतेक वेळा त्यात लबाडीही नसते, विक्रेत्याने अंदाजाने साल ठोकलेलं असतं. पैसे मात्र तुमचेच जातात.

यानंतर संग्रहालयाच्या प्रतीशी तुलना करा. यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमकडे रेल्वे पोस्टरांचा प्रचंड साठा आहे आणि त्यातली पुष्कळ चित्रं ऑनलाइन बघता येतात. अक्षरांची जागा, समासाची रुंदी आणि तळाची ओळ जुळवा. रंग जुळवत बसू नका, पडद्यावरच्या रंगाचा काय भरवसा?

वर्णनातले शब्द

- 'ओरिजिनल आर्टवर्क': चित्राची कल्पना मूळ आहे एवढंच. कागदाबद्दल अवाक्षर नाही.
- 'ओरिजिनल व्हिंटेज पोस्टर': हे लेखी असेल तर विक्रेता बांधला गेला. बिलावरही हेच शब्द मागा.
- 'आफ्टर अमुक-तमुक': अमुक चित्रकाराच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेलं.
- 'लिनन-बॅक्ड': पोस्टर जपानी कागद आणि खळ वापरून कापडावर चढवलेलं. हा दोष नाही, जुन्या पोस्टरांची ती नेहमीची निगा आहे. फक्त त्याआधी किती फाटलं होतं ते विचारा.
- 'कंडिशन ए, बी, सी': ए म्हणजे उत्तम, बी म्हणजे दुरुस्ती केलेलं पण चित्राला धक्का नाही, सी म्हणजे झीज दिसणारी. प्रत्येक विक्रेता स्वतःचा पेपर स्वतःच तपासतो, हे ध्यानात ठेवून वाचा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा

1. छपाई कोणत्या पद्धतीची आणि साधारण कोणत्या साली?
2. इंचांत नेमकं माप किती? कडा कापलेल्या आहेत का?
3. तळाच्या ओळीचा, मागच्या बाजूचा आणि भिंगातून दिसणाऱ्या एका भागाचा फोटो पाठवाल का?
4. कुठे रंग भरला आहे, कुठे कागद जोडला आहे?
5. मूळ नसल्याचं निघालं तर किती दिवसांत पैसे परत? लेखी द्याल?

तिसऱ्या प्रश्नाला "आत्ता शक्य नाही" असं उत्तर दोनदा आलं, तर राम राम म्हणा. हल्ली फोनच्या कॅमेऱ्यावर भिंग धरून फोटो काढायला अर्धं मिनिट लागतं.

नवख्यांनी पहिली खरेदी 'इंटरनॅशनल व्हिंटेज पोस्टर डीलर्स असोसिएशन'च्या सभासदाकडून किंवा पोस्टरांचे स्वतंत्र लिलाव करणाऱ्या घराकडून करावी. न्यूयॉर्कचं स्वॉन हे अशांपैकी एक. चार पैसे जास्त जातील, पण वर्णनाची जबाबदारी घेणारं कुणीतरी समोर असेल.

लिलावातली किंमत म्हणजे खर्च नव्हे

समजा, ब्रिटनमधल्या लिलावात हातोडा ४०० पौंडांवर पडला. त्यावर लिलावघराचं खरेदीदार-शुल्क. ते २५ टक्के धरलं तर १०० पौंड. त्या शुल्कावर २० टक्के कर, २० पौंड. मजबूत नळकांड्यात विम्यासह पाठवणी ७० धरू. झाले ५९०. कार्डाने पैसे भरले तर बँकेची परकीय चलनाची आकारणी साधारण दोन ते साडेतीन टक्के. म्हणजे सहाशेच्या वर गेलात आणि भारतातलं सीमाशुल्क अजून बाकीच आहे. म्हणून बोलीची कमाल मर्यादा ठरवताना उलटा हिशोब करा. घरपोच खर्च किती झेपेल तो आकडा आधी लिहा आणि बोली त्याच्या साधारण साठ टक्क्यांवर थांबवा.

भारतात मागवताना

- भेट म्हणून लिहिण्याची युक्ती चालत नाही. टपाल-कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत.
- किंमत कमी दाखवू देऊ नका. विक्रेता आपणहून "वीस डॉलर लिहू का?" असं विचारतो. पकडलं गेलं तर खोटं विवरण म्हणून माल जप्त होऊ शकतो. वाटेत हरवलं तर विमाही वीस डॉलरचाच मिळेल.
- बिलावर 'आर्ट' एवढंच नको. 'कागदी छापील पोस्टर', साल, माप आणि किंमत लिहायला सांगा. कस्टमच्या दृष्टीने मूळ लिथोग्राफ म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या हाताने केलेल्या दगडा-पत्र्यावरून थेट काढलेली प्रत. जाहिरातीची पोस्टरं सहसा त्यात बसत नाहीत, ती छापील साहित्याच्या प्रकरणात जातात. शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा वर्ग निराळा. दर बदलत राहतात, तेव्हा माल निघण्याआधी कुरियर कंपनीकडून त्या दिवसाचा दर लेखी मागवा.
- केवायसी तयार ठेवा. ओळखपत्राअभावी पार्सल गोदामात पडून राहिलं की दिवसागणिक भाडं चढतं.
- नळकांडं रुंद हवं. व्यास चार इंचांपेक्षा कमी नको. कापडावर चढवलेलं पोस्टर घट्ट गुंडाळलं तर रंगाला चिरा जातात.

नातेवाईक येताना बॅगेतून आणत असतील, तर पावती बरोबर असू द्या आणि प्रवाशाच्या शुल्कमुक्त मर्यादेत त्यांच्या बाकीच्या वस्तूंसह ते बसतं का, तेही बघा.

उलट दिशेने, भारतातून बाहेर नेताना

मुंबईच्या चोर बाजारात जुनी रेल्वे पोस्टरं अधूनमधून हाती लागतात आणि न्यू जर्सीच्या भाच्यासाठी ती घ्यावीशी वाटतात. इथे १९७२ चा पुरावशेष आणि कलामूल्य वस्तू कायदा आड येऊ शकतो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाची शंका येण्यासारखं पोस्टर असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र आधी घ्या. विमानतळावर वाद घालून ते मिळत नाही.

फसगत झाली तर तुमचे हक्क

*विक्रेता भारतातला असेल तर.* २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल किंवा बनावट असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. 'नो रिटर्न' असं लिहिलं असलं तरी. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे काम झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, 'ई-जागृती'वर ऑनलाइन भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची.

*तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल तर.* व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो. युरोपीय संघातही तसंच. पण ही सवलत खासगी विक्रेत्याला लागू नाही, आणि जिथे स्वतः हजर राहून बोली लावता येते अशा जाहीर लिलावालाही नाही. अमेरिकेत असा सरसकट हक्कच नाही. तिथे दुकानाचं परतीचं धोरण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

*विक्रेता परदेशातला आणि तुम्ही भारतात असाल तर.* व्यवहारात उपयोगी पडते ती कार्डाची वादनोंद. बँकेला "वस्तू वर्णनाप्रमाणे नाही" असं लगेच लेखी कळवा, याला मुदत असते. सोबत वर्णनाचा स्क्रीनशॉट, बिल आणि भिंगातले फोटो जोडा. माझे पैसे परत आले ते त्या चहाच्या ठिपकेदार डागाच्या फोटोमुळे. स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, नंतर ते पान गायब होतं.

ओळखीच्या माणसाला थेट खात्यात पैसे पाठवलेत, तर यातलं काहीच हाताशी राहत नाही.

प्रत छापून घ्यायची असेल तर

पोस्टर विकत घेतलं म्हणजे चित्राचा हक्क मिळाला, असं नाही. भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो, ब्रिटनमध्ये ७०. विल्किन्सन १९७१ मध्ये वारला. म्हणजे त्याची चित्रं भारतात २०३१ अखेरपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०४१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. होमस्टेच्या दहा खोल्यांत त्याच्या प्रती लावायच्या, कॅलेंडर काढायचं किंवा चहाचे मग छापून विकायचे, तर परवानगी लागेल. 'जुनं आहे, कोण विचारतंय' हा युक्तिवाद नोटीस येईपर्यंत टिकतो.

निर्धास्तपणे छापायचं असेल तर अमेरिकेच्या १९३५ ते १९४३ या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतली पोस्टरं बघा. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे अशी ९०० हून अधिक आहेत आणि मोठ्या आकाराच्या फाइली फुकट उतरवून घेता येतात. न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरही प्रत्येक चित्राखाली वापराची अट लिहिलेली असते, ती वाचून मग उतरवा. छापताना सुती, आम्लविरहित कागद मागा आणि चकचकीत लॅमिनेशनला ठाम नकार द्या.

फ्रेम आणि आपला पावसाळा

मूळ पोस्टर हाती आलं की सगळ्यांत मोठा धोका कोपऱ्यावरचा फ्रेमवाला. तो वाईट नसतो. त्याची सवय देवाच्या तसबिरींची असते. तो पोस्टर हार्डबोर्डवर डिंकाने पक्कं चिकटवून देईल, आणि मग ते मूळ असूनही त्याची किंमत गेली.

त्याला लिहूनच द्या:

- डिंक, सेलोटेप, उष्णतेने चिकटवणं, लॅमिनेशन, काही नको.
- मागे आणि भोवती आम्लविरहित बोर्ड. पोस्टर वरच्या कडेला जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने टांगायचं.
- काच पोस्टरला टेकता कामा नये. मोठ्या मापाला काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक.
- फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुच किंवा रबराचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल.

जागा निवडताना बाहेरची, पावसाचा मारा बसणारी भिंत टाळा आणि थेट ऊनही टाळा. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी फ्रेम काढून मागे हात फिरवा. ओल लागली किंवा कुबट वास आला, तर लगेच उघडून पंख्याच्या हवेत सुकवा, उन्हात नको. तपकिरी ठिपके दिसू लागले, कसर लागली किंवा पोस्टर काचेला चिकटलं, तर स्वतः काही करू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, इतरत्र इन्टॅकची संवर्धन केंद्रं आहेत. तिथे दाखवा आणि खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या.

आणि क्वाड रॉयल घेणार असाल तर आणखी एक मोजमाप राहिलं. फ्रेम धरून ते जवळजवळ साडेचार बाय साडेतीन फूट होतं. एका स्नेह्यांनी ते हौसेने करून घेतलं. रिक्षात बसेना म्हणून टेम्पो केला, टेम्पोतून उतरवलं आणि लिफ्टपाशी आले तर आत शिरेना. चार मजले जिन्यावरून, दोन हमाल, वळणावर प्रत्येक वेळी फ्रेम उभी-आडवी करत. ऑर्डर देण्याआधी लिफ्टची खोली मोजा. जिन्याचं वळणही.